तीन ठोके, दहा सेकंद

२ ऑक्टोबर

एतुश यीस्ट चोरते! दुसरा अर्थच नाही.

आज सकाळी प्रयोगशाळेतल्या फळमाशांच्या स्वयंपाकघरात गेले, जिथे एतुश त्यांचं खाणं शिजवते. पातेलं रटरटत होतं, मक्याचं पीठ, साखर, सगळं होतं आणि वासाचा पत्ता नाही. एकतीस वर्षं मी त्या वासात काढली आहेत. पूर्वी संस्थेच्या जिन्यापर्यंत यायचा, नवीन आलेली माणसं नाक दाबायची. आता पातेल्यावर वाकले तरी काही नाही. म्हटलं, "एतुश, यीस्ट किती घातलंस?" तर म्हणते, "नेहमीइतकंच, पिरी. मोजून घातलंय." मोजून म्हणे! रविवारी घरी पाव फुगवायला नेत असणार.

माशांना खायला धड मिळालं नाही तर माझे आकडे बोंबलतील. आणि ह्या वेळचे आकडे नेहमीसारखे नाहीत. ह्या वेळी ते मला हवे आहेत.

५ ऑक्टोबर

एकशेवीस नळ्या झाल्या. साठ पावडरविना, साठ पावडरच्या; स्नायूंना शक्ती देते म्हणतात ती पावडर माशांच्या खाण्यात घालून बघतोय. नळीत वीस फळमाशा. रबराच्या चटईवर तीन ठोके द्यायचे, माशा तळाशी पडतात, मग दहा सेकंदांत लाल रेघेपर्यंत किती चढल्या ते मोजायचं. ह्या जन्मतः आजारी माशा आहेत. त्यांच्या स्नायूंतले मायटोकॉन्ड्रिया फुगून मोडलेले, शक्तीच तयार होत नाही, बिचाऱ्या तळाशीच घुटमळतात. पावडरविना विसातल्या पाच-सहा चढल्या. पावडर खाल्लेल्या बारा!

आमचे प्रमुख कार्दोश सर तक्ता बघून म्हणाले, "पिरोश्काबाई, तुमचा हात म्हणजे सोनं आहे." डिसेंबरात बुडापेस्टला ते भाषणात हाच तक्ता दाखवणार. माझं नाव घेतील की नाही देव जाणे. नाही घेतलं तरी चालेल.

घरी वेंदेलला सांगितलं. माझा हा भाऊ एकोणचाळीस वर्षं सेगेदची ट्राम चालवायचा, आता चमचा धरतो तर चमचा नाचतो. बाबांना होता तोच आजार, पार्किन्सन; माझ्या माशांनाही त्याच जातीचा. वहिनी गेल्यापासून माझ्याकडेच राहतो. उन्हाळ्यात पहिले आकडे आले तेव्हापासून रोज सकाळी केफिरमध्ये, त्या ताकासारख्या आंबट दुधात, एक चमचा पावडर घालून पितो. औषधांच्या दुकानात मिळते, नारिंगी डब्यात. "बारा?" म्हणाला. "मागच्या वेळी अकरा होत्या ना? वा रे माशांनो!" न्हाव्यालासुद्धा सांगून आलाय, माझ्या बहिणीच्या माशा भिंती चढतात म्हणून.

९ ऑक्टोबर

त्या बोग्लार्काला काडीची अक्कल नाही!

व्हिएन्नाहून शिकून आलीय, चौतीस वर्षांची, तिचं ते प्राणवायू मोजायचं यंत्र म्हणजे जणू पवित्र पेटी. माशा कुटायच्या, मायटोकॉन्ड्रिया वेगळे काढायचे, ते किती प्राणवायू ओढतात बघायचं. आज बैठकीत, सगळ्यांसमोर, म्हणते, "पिरोश्काताई, मला फरकच दिसत नाही. पावडर खाल्लेल्या काय, न खाल्लेल्या काय, दोन्हींचे मायटोकॉन्ड्रिया सारखेच मरगळलेले. मग ह्या चढतात कशाच्या जोरावर?"

"पायांच्या!" मी म्हटलं.

सगळे हसले. तीही हसली. पण मग म्हणाली, "म्हणजे आपल्यातल्या एकीचं काहीतरी चुकतंय." आणि बघितलं कोणाकडे? माझ्याकडे! ती बोबडं बोलत होती तेव्हापासून मी ह्या नळ्या ठोकतेय.

१० ऑक्टोबर

डोकं अजून तापलेलं आहे. कालचं पेन फेकून दिलं, नीट चालतच नव्हतं.

१४ ऑक्टोबर

वेंदेलला तपासणीला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी त्याला नेहमीचं करायला लावलं. अंगठा आणि पहिलं बोट, उघडायचं, मिटायचं, भरभर. "मोठं उघडा. मोठं. अजून मोठं." पहिले तीन-चार ठीक झाले. मग बोट कमी कमी उघडायला लागलं, मग नुसतंच चिकटून थरथरलं. मला तिकडे बघवत नाही.

"वसंतापेक्षा बरंच खाली गेलंय. गोळ्या वेळेवर घेता ना?"

"घेतो तर!" वेंदेल म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

मला बाईंचाच राग आला. चार महिने पावडर चालू आहे, खाली कसं जाईल? त्यांना माझ्या माशा ठाऊक नाहीत. नोव्हेंबरात पुन्हा बोलावलंय. परत येताना कोटाची बटणं लावायला मला इतका वेळ लागला की ट्राम गेली. वेंदेल म्हणाला, "माझ्या वेळी मी थांबलो असतो हं तुझ्यासाठी." हल्ली कोटांना बटणांची काजंसुद्धा धड करत नाहीत.

१८ ऑक्टोबर

वही अजून निम्मीच भरलीय. वेंदेल दर नाताळात तीच चौकटीची वही देतो. गेल्या वर्षीची सप्टेंबर यायच्या आत संपली होती. हल्ली कमी लिहीत असेन. राग लिहून काढावा तर वेळ कुठे आहे?

२० ऑक्टोबर

वेंदेलचा नामदिवस, कॅलेंडरात त्याच्या नावाच्या संताचा दिवस. सकाळपासून माशाचं सूप. कार्प साफ करायला बसले, वेंदेल दारातून म्हणतो, "अगं पिरी, हा मासा ह्याच नामदिवसाला शिजणार ना?" पाहुणे आले, त्याचे ट्रामवाले दोस्त, फळांची कडक पालिंका पिऊन झाली, तिखट सुपाने सगळ्यांची नाकं वाहिली. छान चाललं होतं.

मग बाटलीचं बूच काढायचं उपकरण शोधायला त्याचा खण उघडला. आत गोळ्या! एक भरलेलं खोकं, खाली दुसरं, त्याखाली तिसरं अर्धं. ऑगस्टपासूनच्या. दोन महिने हा माणूस गोळ्या अर्ध्याच घेतोय!

पाहुणे जाईपर्यंत सूप वाढत राहिले. गेल्याबरोबर खोकी टेबलावर आपटली. "हे काय आहे?"

"मळमळतं त्यांनी. तोंडाची चव जाते."

"म्हणून अर्ध्या? कोणाला विचारून?"

"तुला विचारून." अगदी शांतपणे म्हणाला! "तूच म्हणालीस ना, दुप्पट चढतात. माझ्यासारख्याच आजारी माशा, आणि नुसत्या पावडरवर दुप्पट चढतात. मग मी त्या विषाच्या गोळ्या कशाला गिळू?"

मी काय काय ओरडले ते लिहीत नाही. शेजारच्या बाईंनी भिंत ठोकली. मी त्याला कधी सांगितलं होतं गोळ्या कमी कर म्हणून? कधीच नाही! पण दुप्पट चढतात असं सांगितलं. जेवताना, हसत, चार वेळा सांगितलं.

२१ ऑक्टोबर

ऐकत नाही. "तुझे आकडे खोटे आहेत का?"

"नाहीत!"

"मग झालं तर."

हटवादी गाढव. बाबा असेच होते. ह्याच्याशी वाद घालायचा तर आधी माझ्याच आकड्यांवर थुंकावं लागेल, आणि आकडे खरे आहेत. एकतीस वर्षांत माझा आकडा कोणी खोटा पाडलेला नाही. पावडरचा गुण असेलही. म्हणून माणसाने आपल्या गोळ्या सोडायच्या? आणि नसेल गुण, तर? तर त्याला खड्ड्यात मीच ढकललं.

नाही. आकडे खरे आहेत.

२३ ऑक्टोबर

राष्ट्रीय सुट्टी. शहरभर झेंडे लागलेत. माशांना सुट्टी नसते, म्हणून गेले. तर बोग्लार्का माझ्या टेबलाशी! तिकाटण्यावर कॅमेरा लावत होती.

"हे काय चाललंय?"

"पिरोश्काताई, रागावू नका. एकदा चित्रीकरण करून बघू. आणि एक विचारू? तुम्ही रोज पावडरविना नळ्या आधी का घेता?"

आता हेही मी हिला शिकवायचं! मला इर्मा बाईंनी शिकवलं, त्यांना त्यांच्या बाईंनी. न दिलेल्या आधी, दिलेल्या मागून. नाहीतर पावडरचा कण हाताला लागून दुसऱ्या नळीत जातो. ह्या प्रयोगशाळेत पन्नास वर्षं असंच चालत आलंय.

"पण मग पावडरच्या नळ्या रोजच शेवटी येतात. एकदा सरमिसळ करून—"

"माझ्या हातावर पाळत ठेवायची आहे का तुला? उचल ते!"

तिने कॅमेरा उचलला. जाताना दार हळूच लावलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

२७ ऑक्टोबर

आज पावडरच्या तेरा. तेरा! हे घे म्हणावं बोग्लार्काला.

एतुशचं यीस्ट मी स्वतः वजनकाट्यावर मोजलं. बरोबर भरलं. म्हणजे यीस्टच जुनं असणार. तसं म्हटल्यावर ती रडली. "पिरी, अख्ख्या इमारतीला वास येतोय, तुलाच कसा येत नाही?" नाटकं करते.

१ नोव्हेंबर

सर्व संतांचा दिवस, गेलेल्यांच्या आठवणीचा. बाबांच्या कबरीवर गेलो. शेवंतीची फुलं, मेणबत्त्या, सगळं गाव तिथेच. वेंदेलचे पाय फाटकाशी जमिनीला चिकटले, हलेचनात. मागे माणसांची रांग लागली. मी कानात म्हटलं, "ट्रामची घंटा वाजव." त्याने तोंडाने टिंग टिंग केलं आणि पाय सुटला. लोक हसले, आम्हीही हसलो. पण ऑगस्टच्या आधी असं होत नव्हतं.

मेणबत्ती लावायला माझ्या चार काड्या मोडल्या. भिकार काड्या! वेंदेलने थरथरत्या हाताने पाचवी पेटवली, एका दमात. वरून मला म्हणतो, "सरक, म्हातारे."

घरी आल्यावर बाबांचा विषय निघाला. बाबा दर शरदात अंगणात प्लमचा मुरंबा ढवळायचे. शेवटची दोन वर्षं तो खाली लागला तरी त्यांना वास यायचा नाही, तसेच ढवळत बसायचे. आणि बरणीवरच्या चिठ्ठ्या! सुरुवातीचं अक्षर ठीक, मग लहान, मग अजून लहान, शेवटी नुसत्या मुंग्या. एक बरणी वेंदेलने जपून ठेवलीय, रिकामी. मी म्हटलं, "फेक की ती." म्हणाला, "राहू दे. बाबांचं अक्षर आहे."

४ नोव्हेंबर

वेंदेल जिन्यात पडला. दुसऱ्या मजल्यावरून पाव आणायला उतरत होता, वळणावर पाय चिकटला आणि बाकीचा माणूस पुढे गेला. हनुवटीला पाच टाके. कंबर वाचली, नशीब. रक्ताने माखलेल्या तोंडाने मला म्हणतो काय, "बघ, चढायला येतं, उतरायचं तुझ्या माशांनी शिकवलंच नाही!"

मी हसले नाही. मी त्याला मारायचीच बाकी होते.

"आजपासून गोळी पूर्ण घ्यायची."

"पावडर खोटी असल्याचं दाखव. त्या क्षणी घेतो. शब्द."

ठीक आहे. शब्द दिलाय ना?

५ नोव्हेंबर

बोग्लार्काच्या खोलीत गेले. बसा म्हणाली, बसले नाही. "आण तुझा कॅमेरा. नळ्यांची सरमिसळ करा, चिठ्ठ्या झाका, काय हवं ते करा. पण मला उत्तर लगेच हवंय."

तिने कारण विचारलं नाही. पोरगी तेवढी बरी आहे.

९ नोव्हेंबर

एतुशने नळ्यांवर नुसते क्रमांक चिकटवले. कोणती कसली ते कागदावर लिहून कागद ॲप्रनच्या खिशात टाकला. माझ्याशी एक शब्द बोलली नाही, यीस्टचा राग. कॅमेरा चालू. एकशेवीस नळ्या, तीन ठोके, दहा सेकंद, पुढची. शेवटाला खांदा भरून आला. तो नेहमीच येतो.

उद्या कागद उघडणार. चढू देत. पावडरच्या चढू देत! आणि तरीही वेंदेलला मी खोटंच सांगेन, नाही चढल्या म्हणून. गोळी घेऊ दे मेल्याला.

१० नोव्हेंबर

खोटं सांगायची गरज पडली नाही.

पावडरच्या सरासरी आठ, पावडरविना आठ. फरक शून्य. बोग्लार्काने मग तेच आकडे वेगळे मांडले, पहिल्या नळीपासून शेवटच्या नळीपर्यंत, जशा मी ठोकल्या तशा. ओळ चढत गेलेली. आधीच्या नळ्यांत पाच, शेवटच्या नळ्यांत बारा. मग ती पावडरची असो की साधी.

"आता आवाज ऐका," म्हणाली.

पहिली नळी. ठक, ठक, ठक. माशा भसकन तळाशी. चाळिसावी. ठक, ठक. तिसरा ऐकूच आला नाही. एकशेदहावी. टप... टप... आणि नळी चटईपासून बोटभरसुद्धा उचललेली नाही. माशा काचेला चिकटून मधेच लटकलेल्या. आणि मी त्या मोजतेय. शांतपणे मोजून वहीत लिहितेय, बारा.

त्या चढल्याच नव्हत्या. त्या पडल्याच नव्हत्या.

पूर्ण उन्हाळा! रोज आधी पावडरविना, जोर लावून. रोज मागून पावडरच्या, गोंजारल्यासारख्या. इर्मा बाईंची शिकवण मी इमानाने पाळली आणि त्या पावडरला माझ्याच हाताने गुण दिला.

"दमता तुम्ही, ताई," बोग्लार्का म्हणाली. "एकशेवीस नळ्यांनी कोणीही दमेल." कोणीही? तिने स्वतः एकशेवीस ठोकून दाखवल्या. शेवटचा ठोका पहिल्याइतकाच खणखणीत! चौतीस वर्षांची आहे, ठोकेल नाही तर काय करेल? मी एकोणसाठची आहे. मला दमायचा हक्क आहे.

कार्दोश सर लालबुंद झाले. भाषणातून तक्ता काढणार. "पिरोश्काबाई, तुमचा हात..." एवढंच बोलले आणि निघून गेले. वाक्य पूर्ण करायचं धैर्य तरी ठेवायचं!

११ नोव्हेंबर

वेंदेलला सांगितलं. सगळं, न लपवता. मला वाटलं होतं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं, मला ओरडून घ्यायचं होतं.

"म्हणजे पावडर बिनगुणाचीच?"

"आमच्या माशांपुरती बिनगुणाचीच."

हनुवटीच्या टाक्यांवरून बोट फिरवलं. मग खणातून गोळी काढली, अख्खी, आणि पाण्याशिवाय गिळली. "केफिर तिच्याशिवायच चांगला लागतो," म्हणाला.

मी रडले. लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. तीन महिने तो अर्ध्या गोळ्यांवर आणि माझ्या शब्दावर चालत होता. जिन्यात मान मोडली असती तर?

मग म्हणाला, "ते चित्रीकरण दाखव ना." बोग्लार्काने फोनवर पाठवलं होतं. त्याने बघितलं. पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा आवाज बंद करून बघितलं, नुसता माझा हात. मी म्हटलं, "काय एवढं बघतोस? दमलेय मी त्यात."

"चल, जेवू या," म्हणाला. आणि जेवताना माझ्याकडेच बघत होता. मला चीड आली. दया करतो की काय माझी? ह्याने!

१३ नोव्हेंबर

दिवसभर नुसता संताप. कोणावर, ते कळत नाही.

१६ नोव्हेंबर

सकाळी टेबलावर, ह्या वहीशेजारी, बाबांची ती बरणी होती. वेंदेलने ठेवलेली. वही उघडी होती. वाचली नाही म्हणाला, फक्त अक्षर बघितलं.

जानेवारीचं पान काढलं. एका ओळीत सहा शब्द. ह्या पानावर अकरा मावलेत, आणि ओळीतले शेवटचे तर मलाच लागत नाहीत.

मग अंगठा आणि पहिलं बोट. मोठं. मोठं. अजून मोठं. पाचव्यालाच बोट थकलं.

यीस्ट पूर्ण होतं. एतुशची माफी मागायला हवी.

दवाखान्यात फोन केला. वेंदेलची वेळ मंगळवारी आहेच, म्हटलं, त्याला लागून अजून एक द्या. "कोणासाठी?" पलीकडच्या बाईंनी विचारलं. मी माझं नाव सांगितलं.